तीन ताऱ्यांची मुले

आबांशी बोलण्याची माझी वेळ गेली कित्येक वर्षे ठरलेली आहे. इंडियानातली शनिवारची रात्र म्हणजे कोल्हापुरातली रविवारची सकाळ. त्यांचा चहा झालेला असतो आणि माझे जेवण. २०२४ च्या ऑक्टोबरमधल्या अशाच एका रात्री मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगत होतो की, ज्या विद्यापीठात मी शिकलो त्याच्या फुटबॉल संघाने या हंगामात अजून एकही सामना गमावलेला नाही, आदल्या वर्षी हाच संघ बारापैकी नऊ सामने हरला होता, आणि मधल्या काळात नवा प्रशिक्षक आला आहे. अमेरिकन फुटबॉलशी आबांचा काही संबंध नाही. हा खेळ पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात एवढे कळल्यावर, पेठांच्या संघांचे सामने शाहू स्टेडियमवर बघत वाढलेल्या या माणसाने त्याला फुटबॉल म्हणायलाच नकार दिला होता. पण तरुणपणी तालमीत काढलेली पाच-सहा वर्षे त्यांच्या अंगात अजून मुरलेली आहेत, आणि कुठल्याही खेळाची गोष्ट ते कुस्तीच्या भाषेत लावून घेतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "वस्ताद बदलला म्हणतोस. पण पैलवान तेच आहेत, का तेबी नवं आणल्यात?"

मी म्हणालो, "बरेच नवे आहेत आबा. तेरा जण तर वस्तादाच्या जुन्या तालमीतनंच त्याच्यासंगं आलेत."

"मग जिंकलं कोन? वस्ताद का पैलवान?"

मी त्या वेळी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलविषयी हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे आणि तो कधी सुटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. अलाबामाचे ख्यातनाम प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांच्याविषयी टेक्सासचे प्रशिक्षक बम फिलिप्स यांनी म्हटल्याचे सांगतात की, हा गृहस्थ स्वतःची पोरे घेऊन तुमच्या पोरांना हरवील आणि मग तुमची पोरे घेऊन स्वतःच्या पोरांना हरवील. वाक्य झकास आहे, मात्र अशी अदलाबदल करून पाहायला कुणी तयार होत नाही. एकच संघ दोन प्रशिक्षकांच्या हाती एकाच वेळी देता येत नाही आणि एकच प्रशिक्षक दोन संघांना एकाच शनिवारी उतरवू शकत नाही. शिवाय चांगला प्रशिक्षक असेल तिथे चांगली मुले आपणहून जातात आणि चांगली मुले असतील तिथे प्रशिक्षकाचे नाव होते, त्यामुळे यशातला कोणाचा वाटा किती हे वेगळे काढताना माझ्यासारख्या संख्याशास्त्रावर पोट भरणाऱ्या माणसाचीही पंचाईत होते. तरीही आबांचा प्रश्न मला सोडेना, आणि त्याचे कारण मी या विद्यापीठात जे पाहिले होते त्यात आहे.

मी १९९८ च्या ऑगस्टमध्ये ब्लूमिंग्टनला आलो. इंडियाना विद्यापीठाचे हे गाव बास्केटबॉलचे. त्या खेळातली पाच राष्ट्रीय विजेतेपदे तिथे होती आणि त्या खेळाचे प्रशिक्षक बॉब नाइट यांचा दरारा अजून टिकून होता. फुटबॉल म्हणजे बास्केटबॉलचा हंगाम सुरू होईपर्यंत शरद ऋतूत करायची एक गोष्ट, एवढेच त्याचे स्थान होते. जुने लोक एक किस्सा सांगत. १९७६ मध्ये बलाढ्य ओहायो स्टेटविरुद्ध इंडियानाने सुरुवातीलाच ७-६ अशी आघाडी घेतली, तेव्हा प्रशिक्षक ली कोर्सो यांनी चक्क टाइमआउट मागितला आणि मागे धावफलक दिसेल अशा बेताने अख्ख्या संघाचा फोटो काढून घेतला. पुढे तो सामना अर्थातच मोठ्या फरकाने गेला. शनिवारी स्टेडियमबाहेरच्या मोकळ्या मैदानात शेगड्या पेटत, बिअर वाहत असे, आणि खेळ सुरू झाल्यावरही निम्मी मंडळी आत यायचे कष्ट घेत नसत. मी आत जात असे, कारण विद्यार्थ्यांना तिकीट स्वस्त होते आणि मला एका मुलाला बघायचे असे.

त्याचे नाव अँटवान रँडल एल. तो क्वार्टरबॅक होता. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू ज्याच्या हातात येतो आणि तो कोणाला फेकायचा, कोणाच्या हाती द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचे हे दोन-तीन सेकंदांत ठरवण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, तो क्वार्टरबॅक. रँडल एल अंगापिंडाने लहान होता, पण त्याच्या अंगावर धावून आलेले तीन-तीन धिप्पाड गडी हवेला मिठी मारून राहत आणि हा पाच यार्ड पलीकडे निघून गेलेला असे. कारकिर्दीत ६,००० यार्डांहून अधिक पास आणि ३,००० यार्डांहून अधिक धाव असा मेळ विद्यापीठीय फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत साधणारा तो पहिला खेळाडू. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये पिट्सबर्गकडून तो वेगळ्याच जागी, पास झेलणारा म्हणून खेळला, आणि २००६ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, त्याच जागेवरून त्याने टचडाउनचा, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचवून गुण मिळवून देणारा, पास फेकला. आणि अशा मुलाच्या चार वर्षांत, १९९८ ते २००१, इंडियानाचे निकाल होते चार विजय, चार विजय, तीन विजय आणि पाच विजय, दर वर्षी अकरापैकी. एकाही वर्षी जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त झाले नाहीत. मी तिथे दगडी पायरीवर बसून मनाशी म्हणत असे की, गुणवत्ता म्हणतात ती हीच असेल तर तिचा उपयोग काय?

बावीस खेळाडूंच्या खेळात एक मुलगा काय करणार, हे त्यावरचे साधे उत्तर आहे आणि ते बरोबरही आहे. म्हणूनच या खेळात गुणवत्ता मोजतात ती एकेकाची न मोजता गठ्ठ्याने मोजतात. शाळेत खेळणाऱ्या मुलांना काही संस्था दोन ते पाच तारे देतात. देशभरातून पाच ताऱ्यांची मुले वर्षाला तीसेक निघतात, चार ताऱ्यांची तीनशेच्या वर, आणि बाकीची हजारो मुले तीन किंवा दोन ताऱ्यांवर समाधान मानतात. आमच्या लहानपणी दहावीच्या निकालाच्या दिवशी बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची, तसाच हा प्रकार. यादीतल्या मुलामुलींचे पेढे भरवतानाचे फोटो दुसऱ्या दिवशी छापून येत आणि सोळाव्या वर्षी त्यांचे पुढचे आयुष्य ठरून गेल्यासारखे सगळे बोलत. फरक एवढाच की, बोर्डाच्या यादीमागे निदान उत्तरपत्रिका असत. ताऱ्यांमागे असतात ती उंची, वजन, धावण्याचा वेग, शाळेतल्या सामन्यांच्या चित्रफिती, आणि एखाद्या नामांकित विद्यापीठाने या मुलाला शिष्यवृत्ती देऊ केली आहे ही बातमी. ही शेवटची बाब मला नेहमी गमतीची वाटते, कारण तिच्यामुळे तारे मुलाची गुणवत्ता जेवढी सांगतात तेवढीच त्याला मागणी किती आहे हेही सांगतात.

असे असले तरी ताऱ्यांना हसण्यावारी नेता येत नाही. बड एलियट या क्रीडापत्रकाराने काही वर्षांपूर्वी एक सोपा हिशेब मांडला. मागच्या चार वर्षांत शाळांतून घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले चार किंवा पाच ताऱ्यांची असतील, तरच तो संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या लायकीचा समजावा. अशी विद्यापीठे दर वर्षी पंधरा-अठराच्या आसपास भरतात, आणि ताऱ्यांची पद्धत रुळल्यापासून प्रत्येक विजेता त्यांच्यातूनच निघत आला होता. क्लेमसन २०१६ मध्ये आणि मिशिगन २०२३ मध्ये रेषेच्या थोडेच वर होते, पण वर होते. एवढी वर्षे न मोडलेला नियम माझ्या पेशातल्या माणसाला मान खाली घालायला लावतो. या नियमाचा सरळ अर्थ असा की, प्रशिक्षक कितीही थोर असला तरी एका ठरावीक पातळीच्या खालच्या मालावर तो शिखर गाठू शकत नाही. प्रशिक्षकाच्या हाती वेळ तरी किती असतो? हंगामात आठवड्याला वीस तास, ही नियमाने घातलेली मर्यादा आहे, आणि मुलगा हाताशी राहणार चार-पाच वर्षे.

या नियमाचा सर्वांत मोठा लाभार्थी म्हणजे अलाबामा. प्रशिक्षक निक सेबन तिथे २००७ मध्ये आले. पहिल्या वर्षी संघ सात सामने जिंकला आणि सहा हरला. त्यात लुइझियाना-मन्‍रो या, खेळायला बोलावलेच मुळी सोपा विजय मिळावा म्हणून, अशा पाहुण्या संघाकडून घरच्या मैदानावर झालेला पराभवही होता. हेच सेबन चार वर्षांपूर्वी दुसऱ्या विद्यापीठात राष्ट्रीय विजेते ठरले होते, म्हणजे ज्ञानात काही कमी नव्हते. मग २००८ साली देशात अव्वल मानली गेलेली मुलांची तुकडी आली: हूलिओ जोन्स, मार्क इंग्रम, डॉन्टा हायटॉवर. २००९ च्या हंगामात अलाबामा विजेता झाला, आणि २०२० पर्यंत सहा वेळा झाला. यावरून कोणी म्हणेल की वाद संपला, पैलवान आणले आणि कुस्ती जिंकली. पण ती मुले हेरण्याचे, त्यांच्या घरी जाऊन बसण्याचे, कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही याचा मेळ घालण्याचे काम सेबन यांच्या हाताखाली जो माणूस सांभाळत होता, त्याचे नाव होते कर्ट सिग्नेटी. हाच माणूस पुढे २०२३ च्या अखेरीस इंडियानात आला. मला हे उशिरा कळले आणि कळल्यावर आबांच्या प्रश्नाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

मधल्या काही गोष्टी झटपट सांगून टाकतो. २०२२ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने त्या वेळेपर्यंतची सर्वांत जास्त तारांकित तुकडी गोळा केली, आणि त्याच हंगामात पाच सामने जिंकून सात हरले. त्यांपैकी एक ॲपलॅचियन स्टेटकडून, स्वतःच्या मैदानावर. पुढच्या नोव्हेंबरात प्रशिक्षकाला काढले, तेव्हा उरलेल्या कराराची भरपाई म्हणून साडेसात कोटी डॉलर्सहून अधिक रक्कम देणे आले. तारांकित मुलांपैकी बरीच तोवर इतरत्र पांगली होती. याच्या उलट दाखला ओहायो स्टेटचा. २०२४ मध्ये त्यांचा संघ बांधायला सुमारे दोन कोटी डॉलर्स लागल्याचे तिथल्या क्रीडाप्रमुखांनीच सांगितले होते. ३० नोव्हेंबरला हा संघ त्या वर्षी चाचपडणाऱ्या मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० असा हरला आणि प्रशिक्षक रायन डे यांना घालवा अशी हाकाटी उठली. एवढे तारे या माणसाने मातीत घातले, असे ज्याच्या त्याच्या तोंडी होते. त्यानंतर सात आठवड्यांत तोच संघ, त्याच प्रशिक्षकासह, टेनेसी, ऑरेगॉन, टेक्सास आणि नोत्र दाम यांना ओळीने हरवून राष्ट्रीय विजेता झाला. डे यांना डिसेंबरमध्ये अक्कल आली असे तर कोणी म्हणणार नाही. हरल्यावर प्रशिक्षक आणि जिंकल्यावर तारे, किंवा कधी नेमके उलटे, अशी श्रेयाची वाटणी आपण निकाल पाहून करतो, आणि तीत मीही आलोच.

पण ज्याच्यापुढे हा सगळा हिशेब थबकतो असा एक माणूस सिग्नेटींच्याही आधी होऊन गेला, आणि त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. कॅन्सस स्टेट विद्यापीठाने १९८९ मध्ये बिल स्नायडर यांना आणले, तेव्हा त्यांच्या संघाने सलग २७ सामन्यांत विजय पाहिला नव्हता. त्यांपैकी एक बरोबरीत सुटला होता, तेवढाच दिलासा. पाचशे पराभव गाठणारे ते पहिले मोठे विद्यापीठ होते. मॅनहॅटन नावाच्या कॅन्ससमधल्या लहानशा गावात कोणता तारांकित मुलगा येणार? स्नायडर दोन वर्षांच्या छोट्या महाविद्यालयांकडे वळले. तिथे अशी मुले असत की ज्यांना शाळेनंतर कोणी विचारले नव्हते, कोणाचे गुण कमी पडले होते, कोणाची उंची उशिरा वाढली होती. आणि मुख्य म्हणजे ती विशीच्या घरात असल्याने ती पुढे काय होतील याचा अंदाज न बांधता ती आज काय करतात हे बघता येत असे. पहिल्या वर्षी एक विजय आणि दहा पराभव. दुसऱ्या वर्षी पाच विजय, तिसऱ्या वर्षी सात. १९९८ साली, म्हणजे मी ब्लूमिंग्टनच्या पायरीवर बसून रँडल एलला बघत होतो त्याच शरद ऋतूत, कॅन्सस स्टेटने साखळीतले अकराच्या अकरा सामने जिंकले आणि मग विभागीय अंतिम सामन्यात जादा वेळेत ते हरले. स्नायडर यांनी एकूण २१५ सामने जिंकले, राष्ट्रीय विजेतेपद मात्र राहिलेच. तो चार-पाच ताऱ्यांचा उंबरठा त्यांना ओलांडता आला नाही, एवढे कबूल करावे लागते.

सिग्नेटींची गोष्ट इथून पुढे सुरू होते असे मी मानतो. वडील फ्रँक सिग्नेटी प्रशिक्षक. पेनसिल्व्हेनियातल्या इंडियाना नावाच्याच एका गावी, दुय्यम श्रेणीतल्या विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे संघ सांभाळला. मुलाने २०११ मध्ये अलाबामातली मानाची आणि पैशाची जागा सोडली आणि त्याच लहान विद्यापीठात तो मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला, वय पन्नाशीला टेकलेले असताना. ओळखीपाळखीच्या लोकांना तो वेडेपणा वाटला असल्यास नवल नाही. तिथे सहा वर्षे, मग ईलॉनमध्ये दोन, मग जेम्स मॅडिसनमध्ये पाच. मुख्य प्रशिक्षक म्हणून एकाही वर्षी पराभव विजयांपेक्षा जास्त झाले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये इंडियानाच्या पत्रकारांनी विचारले की मुलांना तुम्ही काय सांगून इथे यायला राजी करता, तेव्हा त्यांनी उत्तर दिले, "मी जिंकतो. गूगलवर शोधून पाहा." सातशेहून अधिक पराभव नावावर असलेल्या विद्यापीठात हे वाक्य उच्चारायला धीर लागतो किंवा उद्दामपणा. मला त्या वेळी उद्दामपणा वाटला होता.

त्यांनी केले ते असे. २०२१ पासून पहिल्यांदा विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष बाहेर बसण्याची अट उरलेली नाही, आणि ज्याला जायचे आहे त्याचे नाव ट्रान्स्फर पोर्टल या सूचीत चढते. त्याच वर्षापासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. बहुतेक प्रशिक्षकांनी या बाजारात पुन्हा तारेच शोधले: शाळेत पाच ताऱ्यांचा होता, मोठ्या संघात बाकावर बसून राहिला, तर आपण घेऊन त्याचे सोने करू. सिग्नेटींचा शब्द वेगळा आहे. संभाव्यतेपेक्षा उत्पादन, असे ते म्हणतात. कोण काय होऊ शकेल हे सोडा, प्रत्यक्ष सामन्यांत कोणी किती टॅकल केले, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला किती वेळा पाडले, किती पास झेलले, किती आठवडे न चुकता मैदानात उतरला, ते पाहा. ते लहान विद्यापीठात केले असले तरी चालेल. जेम्स मॅडिसनमधून आलेले तेरा जण याच मापाचे. बचावाचा कणा असलेला एडन फिशर, कडेला खेळणारा आणि अंगाने बारका म्हणून मोठ्यांनी नाकारलेला डिॲंजेलो पाँड्स, पास झेलणारा एलायजा सॅरट. रँडल एलच्या वेळी आमच्याकडे एक तारा होता आणि भोवती अंधार. इथे डोळे दिपवणारा कोणीच नव्हता, पण झाकून ठेवावी अशी एकही जागा नव्हती.

आणि इथेच आबांच्या प्रश्नातली खोच मला उमगली. या तेरांना मी पैलवान धरून बसलो होतो. प्रत्यक्षात ते अर्धे वस्ताद होते. सिग्नेटींची चालींची भाषा, सरावाची शिस्त, बैठकीत कुठे बसायचे इथपासून सगळे त्यांना पाठ होते. सोबत आलेले सहायक प्रशिक्षकही तेच होते. वसतिगृहात, जेवणाच्या टेबलावर, वजने उचलताना, नियमातल्या वीस तासांच्या बाहेर, ते जुन्या मुलांना शिकवत होते. तालमीत जुना पैलवान नव्या पोराला जोर काढताना पाठीवर थाप मारून चूक दाखवतो आणि वस्ताद लांब हौदाच्या कडेला बसून नुसते बघत असतो, तसे. सराव तर सिग्नेटी उलट आखूडच घेतात, अंगावर कोसळण्याचे प्रकारही कमी, कारण शनिवारी ताजे पाय लागतात. निकालात हे दिसते कुठे, तर दंड कमी होण्यात, चेंडू हातातून न निसटण्यात, दुसऱ्याचा चेंडू हिसकावण्यात. पाच तारे असलेला मुलगा चाळीस यार्ड जितक्या वेगाने धावतो तितक्या वेगाने धावायला कोणी कोणाला शिकवू शकत नाही. पण कोणत्या क्षणी कुठे उभे राहायचे हे शिकवता येते, आणि योग्य जागी उभ्या असलेल्या मुलाला तेवढे धावावेच लागत नाही.

अर्थात २०२४ मध्ये नियमाने आपला हिसका दाखवला. दहा सामने जिंकून गेल्यावर ओहायो स्टेटने ३८-१५ असे हरवले, आणि बारा संघांच्या बाद फेरीत नोत्र दामने पहिल्याच सामन्यात २७-१७ असे घरी पाठवले. ओहायो स्टेटच्या सामन्यात आमची आघाडीची फळी मागे रेटली जाताना मी पाहिली आणि मनात म्हटले, झाले, स्नायडरांपाशी येऊन थांबलो. सोपे वेळापत्रक लाभलेला संघ म्हणून त्या हिवाळ्यात आमची पुष्कळ टिंगल झाली, आणि ती मला सर्वस्वी अन्यायाची वाटली नाही.

मग कॅलिफोर्निया विद्यापीठातून फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक आला. शाळेत असताना त्याला दोन-तीन ताऱ्यांपलीकडे कोणी मोजले नव्हते. गाव मायामी, पण मायामी विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती, आणि एक वेळ तर तो येलला जायचे ठरवून बसला होता. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाकडून खेळताना चेंडू हातात असताना तो चाळीसहून अधिक वेळा जमिनीवर पाडला गेला. ताऱ्यांच्या नजरेला ही नामुष्की दिसते. पण तीच चित्रफीत दुसऱ्या नजरेने पाहिली तर चाळीस वेळा पडून पुढच्या चालीला पुन्हा तितक्याच शांतपणे उभा राहणारा मुलगा दिसतो, आणि असला मुलगा शोधायचा तर त्याला आधी कोणीतरी पाडलेले असावे लागते, जे शाळेत घडत नाही. २०२५ च्या डिसेंबरात हा मुलगा देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार घेऊन गेला. त्याआधी आठवडाभर ओहायो स्टेटला आम्ही विभागीय अंतिम सामन्यात १३-१० असे हरवले होते. नववर्षदिनी रोझ बोलमध्ये अलाबामाचा ३८-३ असा धुव्वा उडाला. इंडियानाने त्याआधी कोणताही बोल सामना, म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना, जिंकला होता तो १९९१ मध्ये. पुढच्या सामन्यात ऑरेगॉन ५६-२२. या दोन सामन्यांत मिळून मेंडोझाचे टचडाउनचे पास आठ, आणि वाया गेलेले पास पाच.

पैशाचे काय, असे कोणी विचारील, आणि विचारावेच. इंडियानाच्या माजी विद्यार्थ्यांत धनवान माणसे आहेत, त्यांनी या दोन वर्षांत हात सैल सोडला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिग्नेटींना आठ वर्षांचा घसघशीत नवा करार मिळाला. तेव्हा ही गरीब बिचाऱ्यांची कथा म्हणून सांगणे खोटेपणाचे होईल. एलियट यांच्या हिशेबात पोर्टलमधून आलेली मुले धरलेली नसतात, हाही आक्षेप रास्त आहे. पण ती धरली तरी आमच्याकडे आलेल्यांत चार-पाच ताऱ्यांची मुले शोधावी लागतात. माझा ग्रह आता असा झाला आहे की, गुणवत्ता आणि मार्गदर्शन या दोन गोष्टी वेगळ्या पोत्यांत भरून तराजूला लावण्यातच आपली चूक होते. मुलात जे आहे ते कोणीतरी ओळखल्याशिवाय गुणवत्ता म्हणून मोजलेच जात नाही, आणि ओळखणे हे वस्तादाचे पहिले काम आहे, शिकवणे दुसरे. अलाबामात सिग्नेटी सर्वांना दिसणारी मुले आणत होते, कारण अलाबामाला ती मिळत होती. इंडियानात त्यांनी इतरांना न दिसलेली मुले आणली. डोळा तोच. एक गोष्ट मात्र या समजुतीत नीट बसत नाही, आणि ती रँडल एलची. तो कोणाला दिसला नव्हता असे नाही, सगळ्यांना दिसत होता. त्याच्या शेजारी उभे करायला दहा जण कोणी शोधले नाहीत.

१९ जानेवारी २०२६ चा अंतिम सामना मायामीतच होता आणि समोर मायामी विद्यापीठच होते. इंडियानापोलिसच्या माझ्या घरात आम्ही सात-आठ जण, त्यांतले दोघे माझ्याच वेळचे, दूरचित्रवाणीसमोर कोट-टोप्या न काढता बसलो होतो, जणू काही स्टेडियममध्येच आहोत. चौथ्या सत्रात, चौथ्या डाउनवर, म्हणजे चारपैकी शेवटच्या प्रयत्नाला, चेंडू लाथाडून मिळणारे तीन गुण घ्यायचे सोडून सिग्नेटींनी चेंडू मेंडोझाच्या हाती ठेवला आणि तो बारा यार्ड धडका घेत, गोल फिरत, आडवा झेपावत टचडाउनच्या रेषेपलीकडे पडला. शेवटच्या मिनिटात जमारी शार्प या, तोही मायामीचाच, मुलाने प्रतिस्पर्ध्याचा पास पकडला. २७-२१. सोळा सामने, सोळा विजय. असे याआधी झाले होते ते १८९४ मध्ये, येलच्या संघाकडून, ज्या येलला मेंडोझा जाणार होता.

कोल्हापुरात सकाळचे साडेनऊ वाजले होते. वार मंगळवार असल्याने आबा माझ्या फोनने दचकले, मग ऐकून खूश झाले. कोणी जिंकले, वस्तादाने की पैलवानांनी, हे त्यांनी या वेळी विचारले नाही. त्यांनी विचारले, "ते फेकणारं पोरगं ऱ्हानार का जानार?"

"जाईल आबा. आता व्यावसायिक फुटबॉल खेळेल."

"मग फुडचा कोन?"

पोर्टलची मुदत अंतिम सामन्याच्या तीन दिवस आधीच संपली होती, आणि पुढच्या हंगामाचा क्वार्टरबॅक टेक्सासमधल्या एका विद्यापीठातून तोवर ठरलेलाही होता. मी त्यांना तसे सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"त्येला तारं किती हाईत?" आबांनी विचारले.